घरातल्यांचे जुलाब थांबले, त्याचे थांबेनात

रुग्ण ३६ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये लेथवर काम करणारा. आईची किडनी बसवून पाच महिने झालेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो माझ्यासमोर आला तेव्हा जुलाबांचा नववा दिवस होता. वजन ६१ किलोवरून ५६.५ वर उतरलं होतं आणि किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.२ वरून २.४ वर चढलं होतं. सोबत बायको होती. आई बाहेर बाकावर बसली होती.

मी कोल्हापुरात फिजिशियन आहे. आमच्या भागातल्या अनेकांची प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईकडे होते, पण त्यानंतरचा ताप, खोकला, जुलाब इथंच निभावावे लागतात. या रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा प्रवास तसाच ठेवला आहे. तो सविस्तर लिहिण्यामागं एक कारण आहे. सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही, आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात असतो. प्रत्यारोपणानंतर त्याला रोखणारी गोळी काही महिने देतात. ती गोळी बंद केल्यावरचे दोन-तीन महिने सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमक्या त्याच काळात रुग्ण, घरचे आणि आम्ही डॉक्टरही सैल पडतो. टाके भरलेले असतात, क्रिएटिनिन छान असतं, माणूस कामावर जायला निघालेला असतो.

किडनी बसवण्याआधी आणि नंतर

दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. किडन्या आक्रसलेल्या होत्या, मूळ कारण सापडलं नव्हतं. त्या काळात हिमोग्लोबिन फार खाली गेलं म्हणून त्याला चार वेळा रक्त चढवलं होतं. ही बाब वाचताना किरकोळ वाटते, पण पुढचं बरंच काही तिथून सुरू झालं. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की शरीर परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. त्याच्या तपासणीत ती सापडली. त्यामुळे नवी किडनी नाकारली जाण्याचा धोका वाढला आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला एटीजी हे जोरकस औषध द्यावं लागलं. एटीजी प्रतिकारशक्तीच्या टी पेशी नष्ट करतं आणि त्या पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. सीएमव्हीला आयुष्यभर दाबून ठेवण्याचं काम याच टी पेशी करतात.

प्रत्यारोपणापूर्वी आई आणि मुलगा दोघांची सीएमव्हीची प्रतिपिंड तपासणी झाली होती. दोघंही पॉझिटिव्ह. सगळ्यांत जास्त धोका असतो तो दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असताना, कारण घेणाऱ्याच्या शरीराला तो विषाणू पूर्वी भेटलेलाच नसतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो, त्यामुळे अशी जोडी क्वचित दिसते. दोघंही पॉझिटिव्ह असले की धोका मध्यम धरतात. एटीजी दिलं की तो मध्यम राहत नाही.

प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं नेहमीची तीन: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. जोडीला न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमोक्झॅझोल आणि सीएमव्हीसाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, ४५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज एकदम. या घरातली सगळ्यांत महाग गोळी तीच. शस्त्रक्रियेच्या खर्चाला सरकारी योजनेचा हातभार लागला होता. गोळ्यांचं बिल दर महिन्याला घरातूनच जात होतं.

नवव्या आठवड्यात पांढऱ्या पेशी २,९०० वर आल्या. तेव्हा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर दोनाची एक गोळी केली गेली आणि तीन महिने भरल्यावर, एप्रिलच्या मध्यात, ती बंद झाली.

इथं जरा थांबायला हवं. पांढऱ्या पेशी कमी करू शकतील अशी तीन औषधं त्याला एकाच वेळी सुरू होती: मायकोफेनोलेट, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आणि कोट्रायमोक्झॅझोल. मायकोफेनोलेट कमी करताना हात थरथरतो, कारण किडनी नाकारली जाईल ही भीती डोक्यात असते. मग कात्री विषाणूवरच्या गोळीवर चालते. ती महागही असते, त्यामुळे घरचेही लगेच तयार होतात. पण या औषधाचा डोस किडनीच्या कामाप्रमाणे ठरतो, पांढऱ्या पेशींप्रमाणे नाही. गाळण्याचं काम चांगलं चालू असताना अर्धा डोस दिला की रक्तात औषध अपुरं पडतं आणि ते पचवायला शिकलेला विषाणू मागं उरण्याची शक्यता वाढते. पांढऱ्या पेशी घसरल्या तर आधी इतर दोन औषधांकडे पाहावं आणि विषाणूवरचं औषध एक तर पुरं द्यावं, नाहीतर बंद करून दर आठवड्याला पीसीआरनं, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीनं, नजर ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

एप्रिलनंतर सीएमव्हीची एकही तपासणी झाली नव्हती. महिन्याला क्रिएटिनिन, टॅक्रोलिमसची पातळी, साखर हे सगळं होत होतं.

जून

पावसाळ्याच्या तोंडावर नदीला नवं गढूळ पाणी येतं आणि आमच्या दवाखान्यांत गॅस्ट्रोची रांग लागते. त्याच्या गल्लीतही तेच चाललं होतं. बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याच आठवड्यात जुलाब झाले. जवळच्या डॉक्टरांनी तिघांना एकच निदान लावलं. त्या परिस्थितीत बहुतेकांनी तेच केलं असतं. ओआरएस, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या, नंतर जुलाब रोखणारी गोळी, मग दोन सलाईन. पाचव्या दिवसापासून संध्याकाळी १०० ते १०१ ताप येऊ लागला. प्लेटलेट १ लाख १० हजार आल्या म्हणून डेंग्यूची एनएस१ तपासणी झाली. ती निगेटिव्ह आली.

पहिल्या भेटीत त्याचं एकच म्हणणं होतं, “पोट बिघडलंय डॉक्टर, दुसरं काय न्हाई. सोमवारपास्नं कामावर गेलो न्हाई तर अवघड हाय.” निदानाच्या दिशेनं नेणारं वाक्य बायको बोलली. “एकाच भांड्यातलं जेवलो आम्ही. माझं अन् पोराचं दोन दिवसांत थांबलं. ह्यांचंच का थांबंना?”

प्रत्यारोपण झालेल्या माणसाला लागण बाकीच्यांसारखीच, त्याच पाण्यातून होऊ शकते. पण घरातले बरे झाले आणि तो झाला नाही, तर तीन शक्यता समोर ठेवाव्या लागतात. एक, तोच जंतू आहे पण याच्या शरीराला तो हटवता येत नाही; नोरोव्हायरस अशा रुग्णांत आठवडेच्या आठवडे टिकतो. दोन, जुलाब औषधाचे आहेत. मायकोफेनोलेटनं पोट बिघडणं अगदी नेहमीचं. तीन, घरातल्यांचा आजार योगायोगानं त्याच आठवड्यात आला आणि याचा आजार वेगळाच आहे. जुलाब, ताप, घटलेल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एकत्र दिसल्या आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर बंद होऊन आठ आठवडे झाल्याचं कळलं, तेव्हा मला तिसरी शक्यता सगळ्यांत जवळची वाटली.

दाखल केल्यावर

रक्तदाब ९४/६०, जीभ कोरडी, लघवी कमी. नव्या किडनीच्या जागी, उजव्या ओटीपोटात, दुखत नव्हतं. पांढऱ्या पेशी २,६००. यकृताचं एसजीपीटी ९६. छातीचा एक्स-रे स्वच्छ.

२.४ क्रिएटिनिन बघून त्याच्या घरात एकच शब्द घुमत होता: रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारणं. प्रत्यारोपण केंद्राशी फोनवर बोललो तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या मनातही ती शंका होतीच, आणि असायलाच हवी. रिजेक्शन असेल तर उपचार स्टिरॉइडचे मोठे डोस. विषाणू असेल तर त्याच स्टिरॉइडनं त्याला मोकळं रान मिळतं. म्हणून आधी टॅक्रोलिमसची पातळी पाहायची असं ठरलं. ती १७.८ आली. त्या टप्प्याला ती ७ ते ९ च्या आसपास हवी होती.

गोळी त्यानं एकही जास्त घेतली नव्हती. एरवी टॅक्रोलिमसचा मोठा भाग आतड्याच्या अस्तरातच मोडला जातो. जुलाबात ते अस्तर बिघडलं की तेवढ्याच गोळीतून कितीतरी जास्त औषध रक्तात उतरतं, आणि जास्त टॅक्रोलिमस किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं. क्रिएटिनिन वाढायला इतकं पुरेसं होतं. हे आतड्याचं गणित आमच्या बिरादरीतही अनेकांना माहीत नसतं. जुलाबात औषध शोषलं जात नसेल, पातळी खाली गेली असेल, असं गृहीत धरून डोस वाढवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

टॅक्रोलिमसचे दोन डोस वगळले, सलाईन मोजून दिलं, रक्ताचा नमुना सीएमव्हीच्या पीसीआरसाठी पाठवला. शौचाची तपासणी जंतू, परजीवी आणि क्लॉस्ट्रिडियमसाठी केली. त्यात काही निघालं नाही. बीके विषाणूचा पीसीआरही त्याच नमुन्यातून मागवला. त्याबद्दल पुढं येईल. स्टिरॉइड वाढवलं नाही. अठ्ठेचाळीस तासांत क्रिएटिनिन १.८ वर आलं आणि रिजेक्शनची शंका बरीच मागं पडली.

पीसीआरचा अहवाल यायला तीन दिवस लागणार होते. तोवर वाट पाहायची का? रुग्ण खंगत होता, पांढऱ्या पेशी घसरत होत्या, आणि नमुना घेऊन झाल्यामुळे औषध सुरू केल्यानं निदान बिघडणार नव्हतं. केंद्राशी बोलून त्याच संध्याकाळी गॅन्सिक्लोव्हिर, म्हणजे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचंच इंजेक्शनचं रूप, शिरेतून सुरू केलं. तिसऱ्या दिवशी आकडा आला: प्रति मिलिलिटर १४,६०० आंतरराष्ट्रीय एकक.

रक्तात विषाणू मिळाला म्हणजे आतड्यातले जुलाब त्याचेच, असं आपोआप ठरत नाही. उलटही घडतं. पूर्वी लागण होऊन गेलेल्या रुग्णात आतड्याला सीएमव्हीनं जखमा केलेल्या असतात आणि रक्तातला पीसीआर अगदी कमी किंवा निगेटिव्ह येतो. म्हणून कोलोनोस्कोपी करायचीच होती. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला पाच-सहा व्रण दिसले, काठ उठून दिसणारे. आपल्या देशात अशा रुग्णाच्या आतड्यात व्रण दिसला की क्षयरोगाचा विचार केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. क्षयाची औषधं सुरू करायची वेळ आली असती तर रिफॅम्पिसिननं टॅक्रोलिमसची पातळी कोसळली असती आणि सगळीच घडी बदलली असती. तुकडे दोन्ही तपासण्यांना गेले. क्षय नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या केंद्रात घुबडाच्या डोळ्यासारखे दिसणारे ठिपके होते आणि सीएमव्हीसाठीचं खास रंगकाम पॉझिटिव्ह आलं.

आईचा प्रश्न

निदान सांगायला मी तिघांना एकत्र बसवलं. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात झोपलेला असतो, कधी दिलेल्या किडनीबरोबरही येतो, आणि प्रतिकारशक्ती दाबली की उठतो, एवढं सांगून झालं आणि आईनं विचारलं, “म्हणजे माझ्याच अंगातनं गेलं व्हय हे त्याच्यात?”

दात्याला हा प्रश्न पडतोच. विचारतात फार थोडे. पोराला किडनी दिली त्या बाईनं चार महिने समाधानात काढले होते आणि एका वाक्यानं ते समाधान हलायला लागलं. मी तिला जे सांगितलं ते इथं लिहितो, कारण अशा वेळी “तसं काही नसतं मावशी” म्हणून विषय मिटवला जातो, आणि ते खरं नसतं.

तिच्या मुलाला हा विषाणू प्रत्यारोपणाच्या आधीपासून होता, त्याचा पुरावा जुन्या अहवालात होता. आता उठलेला विषाणू त्याचा स्वतःचा की किडनीतून आलेला, हे नेहमीच्या तपासणीतून सांगता येत नाही. दोन्ही शक्य आहे. तिच्यात काही दोष म्हणून हे घडलेलं नाही. त्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांच्या अंगात बहुधा हाच विषाणू होता. आणि दाता पॉझिटिव्ह आहे म्हणून किडनी नाकारायची ठरवली असती तर आपल्याकडे दाता मिळणंच मुश्कील झालं असतं. अहवाल माहीत होता, म्हणूनच ती महागडी गोळी दिली गेली होती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मग गोळी का थांबवली?” याचं उत्तर वर आलेलंच आहे. तिलाही मी तेवढंच सांगितलं.

उपचार

गॅन्सिक्लोव्हिरचा पूर्ण डोस प्रति किलो ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पण किडनी मंदावलेली असताना तो देता येत नाही. दाखल झाला त्या दिवशीच्या हिशेबानं त्याला प्रति किलो २.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच बसत होता. क्रिएटिनिन १.५ वर आल्यावर तेवढाच डोस दिवसातून दोनदा झाला आणि १.२ ला पोचल्यावर पूर्ण डोस. पहिल्या दिवशी लिहिलेला डोस कागदावर तसाच चालू राहतो आणि किडनी सुधारत गेली तरी कुणी तो वाढवत नाही, हा या उपचारातला नेहमीचा धोका. म्हणून रोज सकाळी क्रिएटिनिन आल्यावर डोस नव्यानं काढायचा असं वॉर्डात ठरवून घेतलं.

मायकोफेनोलेट पूर्ण थांबवलं. टॅक्रोलिमस कमी डोसनं परत सुरू केलं. प्रेडनिसोलोन होतं तेवढंच ठेवलं. कोट्रायमोक्झॅझोलला दोन आठवडे सुट्टी दिली. तरी सहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी १,९०० आणि त्यातल्या न्यूट्रोफिल ८०० झाल्या. गॅन्सिक्लोव्हिरचा डोस कमी केला नाही; पेशी वाढवणारी जीसीएसएफची दोन इंजेक्शनं दिली आणि आकडे सावरले.

सातव्या दिवशीचा पीसीआर १६,२०० आला. घरच्यांचा धीर सुटला, कारण इतकी इंजेक्शनं देऊनही आकडा वाढलेला. पहिल्या आठवड्यात असं होऊ शकतं. विषाणूचा आकडा एकाच प्रयोगशाळेतून, आठवड्याच्या अंतरानं पाहावा आणि निदान तिप्पट झाला तरच त्याला बदल मानावा. योग्य डोसचे पुरे दोन आठवडे देऊनही आकडा उतरला नाही, तर मात्र औषधाला न जुमानणारा विषाणू असण्याची शंका घ्यायची आणि त्याच्या यूएल९७ या जनुकातले बदल तपासायचे. या रुग्णाला अर्ध्या डोसचा इतिहास असल्यानं ती भीती माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होती. तसं निघालं असतं तर फोसकार्नेट या दुसऱ्या औषधाची वेळ आली असती, आणि ते औषध किडनीलाच बाधतं. चौदाव्या दिवशी आकडा २,९०० झाला आणि ती चिंता मिटली. एकविसाव्या दिवशी ३१०. अठ्ठाविसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी विषाणू सापडला नाही.

जुलाब आठव्या दिवशी कमी झाले, अकराव्या दिवशी थांबले. गोळ्यांवर त्यानंतरच आणलं: व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. सीएमव्हीचा आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर गोळ्या इंजेक्शनच्या तोडीच्या ठरतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिक्टर या अभ्यासानं दाखवलं आहे. पण आतडंच आजारी असताना गोळी किती शोषली जाईल याचा भरवसा नसतो.

जुलाब थांबले तसं टॅक्रोलिमसचं गणित उलट फिरलं. आतड्याचं अस्तर भरून आलं आणि बाराव्या दिवशी पातळी ५.१ पर्यंत घसरली. मायकोफेनोलेट बंद, टॅक्रोलिमस कमी: किडनीला याहून उघडं पाडता येत नाही. डोस वाढवला, दर तीन दिवसांनी पातळी पाहिली, आणि मायकोफेनोलेट अर्ध्या मात्रेत परत आणलं.

पूर, कुरिअर आणि गोळ्यांचा साठा

तेराव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा जुलै तोंडावर होता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचा पुण्याशी संबंध काही दिवस तुटला, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवसांत टॅक्रोलिमसच्या गोळ्यांसाठी धावाधाव झालेली कुटुंबं मला माहीत आहेत. त्यामुळे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोक्याच्या रेषेकडे सरकायची वाट न पाहता, जून संपायच्या आत प्रत्यारोपणाच्या प्रत्येक रुग्णाकडे किमान सहा आठवड्यांच्या गोळ्या असाव्यात, असा आग्रह मी धरतो. पीसीआरचा नमुना बाहेरगावी जातो, त्यामुळे तो आठवड्याच्या सुरुवातीलाच घ्यायचा, शनिवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही असा. याच्या घरी पाणी शिरत नाही, पण कंपनीचा रस्ता बंद होतो, एवढं त्यानं आधीच सांगून ठेवलं.

घरच्यांना वहीच्या एका पानावर काही गोष्टी लिहून दिल्या. दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब किंवा १००.४ च्या वर ताप असेल तर गल्लीतल्या दवाखान्यात गोळी घेऊन थांबायचं नाही, टॅक्रोलिमसची पातळी त्याच दिवशी पाठवायची. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी पहिलं वाक्य “किडनी बदललेली आहे” हे असावं. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरची फ्लुकोनॅझोलसारखी औषधं टॅक्रोलिमसची पातळी चढवतात, म्हणून विचारल्याशिवाय नकोत. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन अजिबात नको. बायकोनं फळांबद्दल विचारलं तेव्हा पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळायला सांगितलं. तीही फळं टॅक्रोलिमस वाढवतात. रस्त्यावरचा उसाचा रस हा त्याचा जुना लाड. तो मी बंद केला, त्याचं कारण मात्र बर्फ आणि पाणी.

ऑक्टोबर

दोन आठवडे ओळीनं विषाणू सापडला नाही तेव्हा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर दिवसातून एकदा, ९०० मिलिग्रॅमवर आणलं आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालवलं. या वेळी बंद केल्यावर दर दोन आठवड्यांनी पीसीआर होत राहिला.

ऑक्टोबरमध्ये क्रिएटिनिन १.८ झालं. जुलाब नाहीत, ताप नाही, वजन ६२, टॅक्रोलिमस ७.२, सीएमव्ही सापडत नव्हता. जूनमधल्यासारखं पाणी कमी होणं नाही की औषधाची जास्त पातळी नाही. अशा वेळी बीके विषाणूचं नाव वर येतं. तोही बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून असतो आणि मूत्रमार्गाच्या पेशींत दडून राहतो. प्रतिकारशक्ती फार दाबली गेली की तो थेट नव्या किडनीवरच चालून जातो, बाहेरून कोणतंही लक्षण न दाखवता. सीएमव्हीसाठी आपल्याकडे चांगली औषधं आहेत; बीकेवर खात्रीचं एकही नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं हाच उपाय. म्हणजे पुन्हा तोच पेच. रिजेक्शन समजून स्टिरॉइड दिलं आणि आत बीके असेल तर किडनी गमवायची. जूनमध्ये बीकेचा पीसीआर निगेटिव्ह होता. आता पुन्हा केला, पुन्हा निगेटिव्ह. मग केंद्रात बायोप्सी झाली आणि सौम्य पेशीजन्य रिजेक्शन निघालं.

सीएमव्हीचा आजार होऊन गेलेल्यांत रिजेक्शनचं प्रमाण जास्त दिसतं. काही अंशी विषाणूमुळे शरीराची दाहाची यंत्रणा चेतवली जाते, काही अंशी आपणच औषधं कमी केलेली असतात. या रुग्णात किती वाटा कशाचा, हे वेगळं काढता येणार नाही. मिथाइलप्रेडनिसोलोनचे ५०० मिलिग्रॅमचे तीन डोस दिले. त्याच दिवशी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरही पुन्हा सुरू केलं, किडनीच्या कामाप्रमाणे बसणाऱ्या पुऱ्या मात्रेत, दोन महिन्यांसाठी. रिजेक्शनचा उपचार म्हणजे विषाणूला नवं दार उघडणं, आणि ते दार त्याच दिवशी लावून घ्यावं लागतं. घरच्यांनी या वेळी बिलाबद्दल विचारलं नाही. आईनं फक्त गोळ्या मोजल्या आणि दोन महिन्यांना पुरतात का ते पाहिलं.

क्रिएटिनिन १.५ वर स्थिरावलं. १.२ परत आलं नाही, आणि ते येईल अशी आशा मी त्यांना दाखवलेली नाही. आज प्रत्यारोपणाला चौदा महिने झालेत. डिसेंबरमध्ये व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर संपल्यापासूनचे सगळे पीसीआर स्वच्छ आहेत, पांढऱ्या पेशी ५,४०० आहेत. तो दिवसपाळीला लेथवर उभा असतो. रात्रपाळी त्याच्या साहेबांनी बंद करून दिली. डिसेंबरमध्ये व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर थांबलं तेव्हा नागिणीपासूनचं संरक्षणही थांबलं, म्हणून नागिणीची निर्जीव लस द्यायची ठरली आहे. जिवंत विषाणू असलेल्या लसी त्याला आता कधीच चालणार नाहीत, हे मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर लिहून ठेवलं आहे, म्हणजे दोघांची कार्डं एकमेकांत मिसळणार नाहीत.

मायकोफेनोलेट सध्या ७५० मिलिग्रॅम दोनदा आहे. केंद्राला ते पूर्ण मात्रेवर न्यायचं आहे, कारण रिजेक्शन एकदा होऊन गेलं आहे. मी आणखी तीन महिने थांबावं असं म्हणतो, कारण पुढचा पावसाळा त्याच पाण्याचा असणार आहे. या महिन्याच्या बायोप्सीनंतर त्यावर निर्णय होईल.